विमान कंपनीवर नियामकाची देखरेख म्हणजे रोज नक्की काय चालतं?

नभा
दर काही महिन्यांनी बातमी येते: अमुक विमान कंपनीला नियामकाची कारणे दाखवा नोटीस, तमुक कंपनीला दंड. खाली लोकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो नियामक झोपला होता, दुसरा म्हणतो विमानासारखा सुरक्षित प्रवास नाही, उगाच घाबरू नका. मला यापलीकडचं समजून घ्यायचंय. भारतात डीजीसीए, अमेरिकेत एफएए, युरोपात ईएएसए आणि त्या त्या देशाचं प्राधिकरण. ही माणसं दिवसभर करतात काय? प्रत्येक विमानापाशी निरीक्षक उभा करणं शक्य नाही, ते उघडच आहे. मग कंपनीने पाठवलेले कागद वाचायचे आणि शिक्का मारायचा, एवढीच देखरेख का? माझं मत हळूहळू तसं होत चाललंय आणि ते मला बोचतंय. या क्षेत्रातल्यांनी जरूर लिहा. वाद घाला, फक्त कुठली कंपनी चांगली यावर धागा नेऊ नका.

धावपट्टी
उत्तम विषय. वाचतोय. विमानतंत्री आणि जुना_कप्तान, दोघांनीही इथे यावं ही विनंती.

विमानतंत्री
आलो.

नभाताई, कागदाला इतकं हलकं लेखू नका. कंपनीला विमान भाड्याने आणता येतं, रंगवता येतं, पण एअर ऑपरेटर सर्टिफिकेट म्हणजे एओसी हातात पडेपर्यंत एकही प्रवासी नेता येत नाही. अर्जपूर्व बैठक, रीतसर अर्ज, कागदपत्रांची छाननी, प्रात्यक्षिक आणि शेवटी प्रमाणपत्र असे पाच टप्पे असतात. ऑपरेशन्स मॅन्युअल चार भागांत असतं: ए म्हणजे सर्वसाधारण धोरण, बी विमानाच्या प्रकाराबद्दल, सी मार्ग आणि विमानतळ, डी प्रशिक्षण. उड्डाण, प्रशिक्षण, देखभाल आणि सुरक्षा या विभागांचे प्रमुखही नियामकाला मान्य असावे लागतात. मालकाने आपला मेव्हणा बसवला, असं चालत नाही.

प्रात्यक्षिकाच्या टप्प्यात प्रूव्हिंग फ्लाइट होते. तिकीट काढलेले प्रवासी नसतात, निरीक्षक असतात. मध्येच सांगतात, "उतरायचा विमानतळ आत्ता बंद झाला असं समजा." मग बघत बसतात. वैमानिक काय करतो हे बघतातच, पण खाली डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाचा आराखडा करणारा माणूस, किती वेळात नवा आराखडा देतो, इंधनाचा हिशेब जुळतो का, देखभालीचा माणूस फोन उचलतो का, हेही. अमेरिकेत आणखी एक चाचणी असते: आणीबाणीची सूचना मिळाल्यावर केबिन क्रूने १५ सेकंदांत निम्मे दरवाजे उघडून घसरगुंड्या वापरण्याजोग्या करून दाखवायच्या. घड्याळ लावून.

नियामक प्रत्येक विमान तपासत नाही. विमान तपासणारी कंपनीची यंत्रणा चालते की नाही, ते तपासतो. सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

सरळरेषा
आणि कुंपणानेच शेत खाल्लं तर? ७३७ मॅक्सचं उदाहरण समोर आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअर, मार्च २०१९ मध्ये इथिओपियन, एकूण ३४६ माणसं गेली. प्रमाणीकरणाचं बरंचसं काम एफएएने बोईंगच्याच कर्मचाऱ्यांकडे सोपवलं होतं. यंत्रणेने यंत्रणा तपासण्याचा शेवट तिथे झाला.

विमानतंत्री
सरळरेषा, मुद्दा खरा आहे, पण तुम्ही सांगताय ते विमानाच्या डिझाइनचं प्रमाणीकरण. धागा उड्डाण संचालनाचा आहे.

जुना_कप्तान
विमानतंत्री, इथे मी सरळरेषा यांच्या बाजूने. मॅक्समध्ये दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. नव्या प्रकारावर जाताना वैमानिकाला किती प्रशिक्षण लागेल हे एफएएचं एक मंडळ ठरवतं. जुन्या ७३७ वरून मॅक्सवर येणाऱ्याला सिम्युलेटरची गरज नाही, संगणकावरचा अभ्यास पुरे, असा निर्णय झाला. एमसीएएसचा, म्हणजे विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या यंत्रणेचा, उल्लेख वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये नव्हता. म्हणजे मला जे माहीतच नाही ते मी कॉकपिटमध्ये हाताळायचं. हा उड्डाण संचालनाचाच प्रश्न आहे.

आता नभा यांच्या प्रश्नाकडे. निरीक्षक कॉकपिटमधल्या मागच्या जादा आसनावर, जंपसीटवर, येऊन बसतो, ते मी अनेकदा अनुभवलंय. बोलत नाही फारसा. लायसन्स, मेडिकल बघतो, इंधनाच्या आकड्यावर कोणी सही केली ते बघतो. मग नुसता ऐकतो. चेकलिस्ट वाचून होते की पाठ म्हटली जाते, दहा हजार फुटांखाली अवांतर गप्पा चालतात का. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धावपट्टीच्या हजार फूट वर असताना विमान स्थिर आहे का. वेग, उतरण्याचा दर, फ्लॅप (पंखांचे मागचे हलणारे भाग), सगळं जागेवर. नसेल तर कप्तान गो-अराउंड करतो, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जातो, की "जमेल" म्हणून रेटतो? निरीक्षकाला ते अर्ध्या मिनिटात कळतं.

पार्किंगवरही तपासणी होते. दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात निरीक्षक येतो आणि कॉकपिटमधला टॉर्च लागतो का, लाइफजॅकेटची मुदत संपली का, कार्गोची जाळी फाटली आहे का, टायर किती झिजलंय, असं बघत जातो. युरोपात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या विमानांचीही अशी तपासणी होते आणि तिचे निष्कर्ष सगळ्या सदस्य देशांना दिसतात.

मी_वाचक
कप्तानसाहेब, निरीक्षक मागे बसल्यावर कोणीही शहाण्यासारखं वागेल. त्यातून काय कळणार?

जुना_कप्तान
अगदी योग्य शंका. म्हणूनच खरा भर फ्लाइट डेटा मॉनिटरिंगवर असतो. प्रत्येक उड्डाणाची शेकडो मापं विमानात नोंदली जातात आणि नंतर कंपनीचं सॉफ्टवेअर ती चाळतं. फ्लॅप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगात सोडले, धावपट्टीवर उशिरा टेकलं, जोरात आदळलं, हजार फुटांवर अस्थिर होतं आणि तरी उतरवलं: सगळं सापडतं. निरीक्षक कंपनीत येऊन विचारतो, "या विमानतळावर अस्थिर अप्रोच वाढलेत, तुम्ही काय केलंत?" उत्तर गुळमुळीत आलं की पुढचा ऑडिट तिथूनच सुरू होतो.

विमानतंत्री
माझ्या बाजूची एक गोष्ट सांगतो, कारण ही बाहेर फारशी कोणाला माहीत नसते.

विमानातली प्रत्येक वस्तू चालू असल्याशिवाय उड्डाण नाही, असा नियम नाही. मिनिमम इक्विपमेंट लिस्ट असते, एमईएल. काय बंद असताना, कोणत्या अटींवर, किती दिवस उडता येईल ते तिच्यात लिहिलेलं असतं. बी गटातला दोष तीन दिवसांत दुरुस्त करायचा, सी गटातला दहा, डी गटातला १२०. ही यादी नियामकाने मंजूर केलेली असते.

आता हुशार निरीक्षक काय करतो? विमान बघायच्या आधी टेक लॉग, म्हणजे विमानाच्या दोष-दुरुस्तीची नोंदवही, मागतो आणि एकाच विमानाची महिनाभराची पानं उलटतो. सी गटातला दोष नवव्या दिवशी "तपासून ठीक" म्हणून बंद आणि दोन दिवसांनी त्याच यंत्रणेत तोच दोष नव्याने उघडलेला. पुन्हा नवे दहा दिवस. प्रत्येक नोंद एकटी वाचली तर नियमात बसते. चार एकाखाली एक ठेवल्या की कळतं, सुटा भाग मागवलेलाच नाही, तारखा फिरवणं चालू आहे. मी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे एका निरीक्षकाने असंच एका दुपारी पकडलं होतं. कोणत्याही विमानाला हात लावला नव्हता त्याने. त्या आठवड्यात स्टोअरला भाग आला.

म्हणून म्हणतो नभाताई, कागद वाचणं हे कमी प्रतीचं काम नाही. वाचता आलं पाहिजे.

नभा
विमानतंत्री, ही माहिती मला पूर्ण नवी आहे. मनापासून आभार. पण मग असे वाचणारे निरीक्षक किती आहेत?

ढगांपल्याड
नभा, नेमकं तिथेच पाणी मुरतं. जानेवारी २०१४ मध्ये एफएएने भारताचा दर्जा घटवून दुसऱ्या श्रेणीत टाकला होता. लक्षात घ्या, दर्जा कंपन्यांचा घटला नाही, नियामकाचा घटला. प्रशिक्षित उड्डाण निरीक्षक पुरेसे नाहीत हा त्यातला मोठा आक्षेप होता. परिणाम भोगले कंपन्यांनी: अमेरिकेला नवी उड्डाणं सुरू करता येईनात. एप्रिल २०१५ मध्ये पहिली श्रेणी परत मिळाली. पण अगदी २०२५ मध्येही संसदीय समितीने डीजीसीएतली जवळपास निम्मी पदं रिकामी असल्याकडे बोट दाखवलं.

मूळ कारण सरळ आहे. निरीक्षक व्हायला अनुभवी कप्तान लागतो आणि त्याला विमान कंपनी सरकारपेक्षा कितीतरी जास्त पगार देते. बऱ्याच देशांची हीच अडचण आहे.

आणि नियामकावर कोण लक्ष ठेवतं असं कोणी विचारायच्या आत: आयकाओ. १९४४ च्या शिकागो करारातून जन्मलेली नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संस्था. तिचा ऑडिट कार्यक्रम आठ अंगं तपासतो. कायदा, नियम, संस्था, प्रशिक्षित माणसं, तांत्रिक मार्गदर्शन, परवाने, देखरेख आणि त्रुटी दूर करणं.

रोस्टरवाली
सगळे विमानाबद्दल बोलताहेत, मी माणसांबद्दल बोलते. मी क्रू शेड्युलिंगमध्ये बरीच वर्षं काढली.

नियमात जास्तीत जास्त ड्यूटी १३ तास असली की सॉफ्टवेअर १२ तास ५० मिनिटांची ड्यूटी तयार करतं. कायदेशीर. मग धुकं, गर्दी, उशिरा आलेलं विमान, आणि रात्री मला फोन लावावा लागतो: "सर, शेवटचं सेक्टर राहिलंय, एक्स्टेन्शन घेता का?" म्हणजे शेवटच्या उड्डाणासाठी ड्यूटी मर्यादेपुढे वाढवता का. तो निर्णय कप्तानाचा असतो, नियमानेच त्याला दिलेला. मी जिथे होते तिथे "नाही" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन जायचा. रागावायचे नाहीत, नुसतं "कारण काय" एवढंच विचारायचे. तेवढं पुरतं. पुढच्या वेळी माणूस "हो" म्हणतो. हा फोन कुठल्याही कागदावर येत नाही.

युरोपच्या नियमात याला एक चांगला चाप आहे. एखाद्या हंगामात एका वेळापत्रकातल्या ड्यूट्यांपैकी ३३ टक्क्यांहून जास्त वेळा कमाल मर्यादा ओलांडली गेली, तर कंपनीला ते वेळापत्रक किंवा क्रूची रचना बदलावीच लागते. एक्स्टेन्शन तासापेक्षा जास्त असेल तर अहवालाची प्रत २८ दिवसांच्या आत प्राधिकरणाकडे जाते. म्हणजे "आज धुकं होतं" हे कारण रोज देता येत नाही. निरीक्षकाने माझ्याकडे येऊन फक्त दोन रकाने मागावेत: ठरवलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ. बाकी काही नको.

थकवा किती महाग पडतो हे मंगळूरला दिसलं. २२ मे २०१० ला १५८ जण गेले. कप्तान उड्डाणाचा बराच काळ झोपलेला होता, जाग आल्यावर मेंदू पूर्ण भानावर नव्हता आणि सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवूनही विमान उतरवलं गेलं, असं चौकशीत आलं. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगनचं विमान पडलं, ५० मृत्यू. त्या कप्तानाने आदली रात्र विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढली होती आणि सहवैमानिक रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. त्यानंतर तिथे ड्यूटीचे नवे नियम आले, पण मालवाहू विमानांना वगळून. ऑगस्ट २०१३ मध्ये बर्मिंगहॅम, अलाबामाला यूपीएसचं मालवाहू विमान पडून दोन्ही वैमानिक गेले. ते त्याच उड्डाणात विश्रांतीच्या नियमांतल्या या भेदाबद्दल बोलत होते. ते टेपवर आहे. माल असो की माणसं, चालवणाऱ्याला झोप सारखीच लागते. ही सूट मला कधीच पटली नाही, पटणारही नाही.

अवनी_के
ताई, वाचून काटा आला.

पूर्वेचा_वारा
रोस्टरवाली यांचं सगळं मान्य. पण नियम एकदम कडक केले की काय होतं तेही बघा. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोन. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. माणसं विमानतळावर जमिनीवर झोपली. शेवटी तात्पुरती सूट द्यावीच लागली. लग्न, परीक्षा, उपचार, सगळं अडकलेलं. नियामकाने हटून बसायचं होतं का?

रोस्टरवाली
हटून बसायची वेळ डिसेंबर नव्हतीच, पूर्वेचा_वारा. हिवाळी वेळापत्रक नियामकच मंजूर करतो ना? नियम जाहीर होऊन दीड वर्षाहून जास्त काळ गेला होता. एवढी उड्डाणं, नव्या नियमाने लागणारे एवढे वैमानिक, हातात एवढे: हा गुणाकार मंजुरीच्या टेबलावरच व्हायला हवा होता. नंतर त्या कंपनीच्या वेळापत्रकात दहा टक्के कपात झाली, तिच्यावर देखरेख करणाऱ्या चार निरीक्षकांनाही काढलं. तीच कपात ऑक्टोबरमध्ये झाली असती तर कोणी जमिनीवर झोपलं नसतं आणि वैमानिकांची झोपही पणाला लागली नसती.

पूर्वेचा_वारा
हे पटलं. मंजुरीच्या वेळचा हिशेब माझ्या डोक्यात नव्हता.

सरळरेषा
मग दंडाचं काय? इतक्या मोठ्या कंपनीला काही लाखांचा दंड म्हणजे दर्या में खसखस. मला तर परवाना निलंबनाशिवाय काही खरं वाटत नाही.

ढगांपल्याड
मधले मार्ग असतात आणि तेच जास्त लागू पडतात. जुलै २०२२ मध्ये एकापाठोपाठ एक घटनांनंतर डीजीसीएने स्पाइसजेटला आठ आठवडे निम्म्याच उड्डाणांना परवानगी दिली. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा डोअर प्लग हवेत निखळल्यावर एफएएने बोईंगचं मॅक्सचं उत्पादन महिन्याला ३८ वर रोखलं. जून २०२५ मध्ये क्रू शेड्युलिंगमधल्या त्रुटींवरून डीजीसीएने एअर इंडियाला तीन अधिकाऱ्यांना त्या जबाबदारीतून हटवायला सांगितलं. वाढ रोखली की व्यवस्थापनाच्या वरच्या मजल्यावर पोचतं. दंड लेखा विभागात भरला जातो.

उलट टोकाचंही एक उदाहरण. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीची ४६ विमानं सांगाड्यातल्या तड्यांची सक्तीची तपासणी न करता उडत होती. २००८ मध्ये एफएएच्याच दोन निरीक्षकांनी अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं की त्यांचा वरिष्ठ कंपनीच्या जास्तच जवळ गेला होता. दंड झाला, पण मला त्या दोन निरीक्षकांचं मोल अधिक वाटतं. आपल्याच कार्यालयाविरुद्ध उभं राहणं सोपं नसतं.

मी_वाचक
थोडं विषयांतर: वैमानिकांना उड्डाणाआधी फुंकर मारावी लागते ती चाचणी सगळीकडे असते का?

जुना_कप्तान
भारतात उड्डाणापूर्वीची चाचणी नियमित असते आणि मर्यादा शून्य. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरायलाही मनाई आहे. आमच्या बॅचमध्ये लवंग चघळायची पद्धत त्यामुळेच रूढ झाली :)

अवनी_के
कप्तानसाहेब, मघाशी डेटा मॉनिटरिंगबद्दल लिहिलंत. प्रत्येक चूक पकडली जाते म्हटल्यावर वैमानिक स्वतःहून काही सांगायचं बंद नाही का करणार?

जुना_कप्तान
अवनी, फार महत्त्वाचं विचारलंस. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. नकाशा आणि नियंत्रकाची परवानगी यांचा वैमानिकांनी लावलेला अर्थ वेगळा होता. चौकशीत कळलं की सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान त्याच ठिकाणी त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. त्यांनी आपल्या कंपनीत कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्या कंपन्यांपर्यंत ते पोचायची वाटच नव्हती.

त्यातून १९७६ मध्ये गोपनीय अहवाल पद्धत आली आणि शहाणपणा असा की ती एफएएने स्वतःकडे न ठेवता नासाकडे दिली. शिक्षा करणाऱ्याच्या हातात कबुली द्यायला कोण जाईल? नाव काढून टाकतात. चूक अनवधानाने झाली असेल आणि दहा दिवसांत कळवली असेल तर सहसा दंडापासून संरक्षण मिळतं. जाणूनबुजून केलेल्याला नाही. डेटा शिक्षेसाठी वापरायला लागलात की अहवाल आटतात, हे मी जवळून बघितलंय. संख्या खाली येते आणि व्यवस्थापन सादरीकरणात तेच "सुधारणा" म्हणून दाखवतं.

सरळरेषा
म्हणजे वैमानिकांना मोकळं सोडायचं? मला हे अजून जड जातंय. पाकिस्तानात २०२० च्या कराची अपघातानंतर मंत्र्यांनीच संसदेत सांगितलं की ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. युरोपने पीआयए या तिथल्या सरकारी विमान कंपनीला जुलै २०२० पासून बंदी घातली ती २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत. तिथे दयामाया दाखवायची?

जुना_कप्तान
अजिबात नाही. ती फसवणूक आहे, चूक नव्हे. परीक्षा दुसऱ्याने दिली असेल तर त्याला कॉकपिटमध्ये जागा नाही. पण तिथेही बघा, परवाने देणारं प्राधिकरणच संशयात सापडलं आणि ज्यांचे परवाने खरे होते त्यांच्याही माथी तेच आलं.

नभा
माझ्या मूळ शंकेकडे पुन्हा येते. अहमदाबादच्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात इंधन स्विचच्या लॉकबद्दल एफएएची २०१८ ची सूचना होती आणि ती तपासणी एअर इंडियाने केली नव्हती, असं वाचलं. नियामकाची सूचना असून ती न पाळण्याची मुभा कशी?

विमानतंत्री
नभाताई, नियामकाची पत्रं दोन जातीची असतात. एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे एडी, सक्तीची. मुदतीत केली नाही तर विमान जमिनीवर. दुसरी माहितीपत्रकं, त्यात शिफारस असते. ते २०१८ चं पत्रक दुसऱ्या जातीचं होतं, आणि ती त्रुटी अपघाताचं कारण असल्याचं अहवालाने म्हटलेलं नाही, हे आधी स्पष्ट करतो. अपघातानंतर जुलै २०२५ मध्ये डीजीसीएने तीच तपासणी २१ जुलैपर्यंत सक्तीची केली.

तुमचा प्रश्न खरा इथे लागू होतो. सक्ती केव्हा करायची हे नियामकाने ठरवायचं असतं आणि प्रत्येक सक्तीला कंपन्यांचा विरोध असतो, कारण विमान तेवढे तास उभं राहतं. ऐच्छिक पत्रकांवर "आम्ही हे वाचलं, अमुक कारणाने केलं नाही" असं लेखी उत्तर कंपनीकडून नियामकाने मागायला हवं. आमच्याकडे काही जण स्वतःहून लिहायचे, काही फाइलला लावून मोकळे व्हायचे.

रोस्टरवाली
थकव्याच्या अहवालांनाही हेच लावा. वैमानिकाने दिलेला अहवाल मान्य केला की नाकारला आणि का, याचं उत्तर त्याला लेखी मिळू दे. तिमाहीला किती मान्य, किती नाकारले, तो आकडा नियामकाकडे जाऊ दे.

धावपट्टी
आणि तो संकेतस्थळावर सगळ्यांना दिसू दे. नभा, याचं निवेदन करून मंत्रालयाला पाठवायचं का? मसुदा मी लिहितो, विमानतंत्री आणि रोस्टरवाली यांनी तपासावा.

नभा
पाठवू या. मुद्दे तीन ठेवू: ऐच्छिक पत्रकांवर लेखी उत्तर, थकव्याच्या अहवालांचा जाहीर आकडा आणि वेळापत्रक मंजूर करताना वैमानिकांच्या संख्येचा हिशेब. निरीक्षकांच्या रिकाम्या जागांचा चौथा घालायचा का?

ढगांपल्याड
तो पहिला घाला.